१८७ का, ते लिहून ठेवा

तुमच्या रोबोकॉन (कॉलेजांची रोबो बनवायची स्पर्धा) टीममधले फायनल इयरचे पाचही जण जूनमध्ये पास आऊट होणार आणि सेकंड इयरच्या पोरांना नट आवळण्यापलीकडे काही येत नाही, असं म्हणतोस. पोरांचा दोष नाही भो. तुम्ही त्यांना नटच आवळायला दिलेत.

जळगावला आमचंही हेच झालं. कोडिंगवाला दादा नोकरीला पुण्याला गेला, मागे एक पेन ड्राइव्ह. कोडमध्ये डाव्या मोटरला पीडब्ल्यूएम (मोटरला किती जोर द्यायचा तो आकडा) १८७, उजवीला २००. का, ते कुठेच नाही. एका हुशाराने (मीच तो) दोन्हीकडे २०० टाकले आणि रोबो उजवीकडे वळून थेट लोखंडी कपाटावर. दादाला फोन केला तर म्हणे, "डावी मोटर नवीन आहे रे, जास्त पळते." ही एक ओळ कॉमेंटमध्ये असती तर रोबोचा ब्रॅकेट वाचला असता.

रोबोकॉनमध्ये यजमान देश दरवर्षी नवा खेळ देतो, म्हणून जुना रोबो मोडून मोटरी काढायची आपली सवय. यंदा निदान बेस, म्हणजे चाकांचा खालचा सांगाडा, तरी तसाच ठेवा. तो विटांवर ठेवा, चाकं अधांतरी. मग सीनियरने गुपचूप एन्कोडरच्या (चाक किती आणि कुठल्या दिशेने फिरलं ते सांगणारा सेन्सर) ए आणि बी वायरींची अदलाबदल करायची. पीआयडी (एन्कोडर बघून वेग आपोआप सावरणारा कोड) चालू करताच, दिशा उलटी कळल्यामुळे चाक सुसाट सुटतं, थांबायचं नाव नाही. पोरांना शोधू दे. सीनियरने हात खिशात घालून बसायचं. अर्ध्या तासाच्या कामाला तीन तास जातील, जाऊ दे. स्पर्धेच्या तोंडावर एवढा धीर कोणालाच नसतो.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीत मात्र 'करून बघ' नाही. पूर्ण चार्ज म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट, ठेवायची असेल तर ३.८ च्या आसपास. हे तोंडपाठ झाल्याशिवाय चार्जरला हात नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या खोलीत फुल चार्ज ठेवलेली आमची एक बॅटरी उशीसारखी फुगली होती.

आणि एमआयडीसीत टर्नरकडे (लेथवर पार्ट करून देणारा) जाताना ज्युनियरला गाडीवर मागे बसवून न्या, ओळख करून द्या. ड्रॉइंगची फाइल सगळेच देतात, हे कोणी करत नाही. आमच्यानंतरची पोरं शाफ्ट करायला गेली तेव्हा त्याने आधी विचारलं, "तो चष्मेवाला कुठे गेला?" आणि मग पैसे रोख मागितले.