आमच्याकडं सातपुड्याच्या पायथ्याशी हायवेलगत पायी अन सायकलवाल्यांसाठी पक्का ट्रॅक आहे, अन मी पाहिलेल्या एका व्हिडिओत अशाच ट्रेलवर (चालायच्या वाटेवर) सगळे उजवीकडून जात होते, तर इथं पायी चालणाऱ्यानं डावीकडून जायचं की उजवीकडून?

डावीकडूनच चाला, सायकलवाल्यानंही डावीकडूनच जावं अन पुढं काढायचं असलं तर घंटी वाजवून उजव्या अंगानं काढावं. समोरची गाडी दिसावी म्हणून उजवीकडून चाला हे जे आपल्याले शिकवलं ते फुटपाथ नसलेल्या रस्त्यासाठी आहे, तुमचा सातपुड्याच्या पायथ्याचा ट्रॅक हायवेपासून वेगळा आहे, तिथं गाड्या नाहीत पण दोन्हीकडून लोकं येऊन राहिले, म्हणून सगळ्यांनी एकच बाजू धरली तरच कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओतला ट्रेल कोलोरॅडोच्या ग्लेनवूड कॅन्यनचा, आय-७० हायवेला लागून, तिथं सगळे उजवीकडून जातात कारण अमेरिकेत गाड्याच उजवीकडून चालतात, ते इथं लागू करू नका. फक्त एक, जिथं वावराची वाट ट्रॅकला आडवी येते तिथं ट्रॅक्टर अचानक वर चढतो, दोन्हीकडं पाहूनच निघा, अन ऑक्टोबरात लोकं ट्रॅकवर सोयाबीन वाळू घालतात तेव्हा पोट्ट्यांना सायकलवरून उतरूनच जायला सांगा, त्या गोल दाण्यावर चाक सरकलं की उताराले ब्रेक दाबूनही सायकल थांबत नाही.