झाडांच्या लोककथा गोळा करताय? आधी एकच झाड धरा

जगभरची पवित्र झाडं एका वहीत मांडायचा बेत झकास आहे, पण तूर्त बाजूला ठेवा. एकच झाड निवडा आणि त्याच्या मागे लागा.

- आधी झाड बघा, निदान फोटोत. मग कथा वाचा. बाओबाब वर्षातले बरेच महिने निष्पर्ण असतो आणि जाडजूड खोडावरच्या त्याच्या फांद्या थेट मुळांसारख्या दिसतात. आफ्रिकेत ‘देवाने हे झाड उलटं रोवलं’ असं का सांगतात, ते मग वेगळं समजवावं लागत नाही.
- कोण, कुठे, केव्हा हे प्रत्येक नोंदीत हवंच. ‘प्राचीन लोक मानत’ ही नोंद कुचकामी. ‘ग्रीसमधल्या डोडोना इथे झ्यूस देवाच्या ओक झाडाच्या सळसळीतून कौल घेत’, ही झाली नोंद.
- ‘केल्टिक वृक्ष-राशी’ (जन्मतारखेवरून ठरणारं ‘तुमचं झाड’) दिसल्या की सावध! त्यांच्यामागचं १३ महिन्यांचं झाडांचं कॅलेंडर प्राचीन नाही, ते १९४८ साली एका इंग्रज कवीच्या पुस्तकातून पसरलं. नवखे हमखास इथेच फसतात.

दुसरी घाई साम्य शोधण्याची. सगळे विश्ववृक्ष (अख्खं जग तोलून धरणारी कथांतली झाडं) एका माळेत ओवू नका. नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) कथांतल्या इग्द्रसिल या विश्ववृक्षावर एक खार शेंड्यावरचा गरुड आणि मुळाशी असलेला नाग यांच्यात चहाड्या करत वरखाली पळते. (मला तर ती अख्ख्या झाडापेक्षा आवडते.) साम्याच्या नादात असे तपशीलच आधी गळतात.

प्रतीकं, कथांचं वर्गीकरण वगैरे नंतर बघू. पहिल्या पाच-सहा नोंदी झाल्या की दाखवा.