एनसीसीचं लीडरशिप ट्रेनिंग बदलताय? मैदानाआधी परीक्षा विभाग गाठा

मॅडम, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला, कारण हे सगळं मी भोगलंय. सीटीओ (कॉलेजातली एनसीसी सांभाळणारी केअरटेकर ऑफिसर) म्हणून नवा चार्ज, पीआरसीएनला (अधिकारी होण्याआधीच्या ट्रेनिंगला) ग्वाल्हेरला जायचं अजून बाकी, परेडला बघावं तर एसयूओ (सगळ्यात वरच्या रँकचा कॅडेट) आणि त्याचे दोनचार दोस्त ओरडतायत आणि बाकीची पोरं तीन वर्षं नुसतं सावधान-विश्राम करतायत, लीडरशिपचा तास म्हणजे फळ्यावरचे नेत्याचे गुण वहीत उतरवून घेणं. हे सगळं मोडून नव्याने बांधायचं आणि पदवीच्या क्रेडिटला जोडायचं असं तुम्ही म्हणताय. चांगलंय, करा, पण क्रम चुकवू नका.

आधीच सांगतो, मी आर्मी विंगचा एएनओ, म्हणजे कॉलेजातली एनसीसी सांभाळणारा शिक्षक-अधिकारी, कामठीला ट्रेनिंग झालेला. नेव्हल आणि एअरचं मला फारसं कळत नाही. नियम परिपत्रकागणिक बदलतात, त्यामुळे सीओ साहेबांना (बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरना) विचारल्याशिवाय माझ्या भरवशावर काही करू नका.

मैदानावरचं सोपं आहे. रँक कुणाची काढू नका, रुसवेफुगवे होतात आणि मग पालक केबिनमध्ये येऊन बसतात. रँक राहू दे, अपॉइंटमेंट, म्हणजे त्या दिवसाची जबाबदारी, फिरती करा. दर परेडला सेक्शन कमांडर (छोट्या तुकडीचा प्रमुख) वेगळा, पहिल्या वर्षाची लाजरी पोरगीसुद्धा. आणि काम असं द्या की चुकलं तर सगळ्यांना दिसेल, म्हणजे हजेरी जुळवणं, नाश्ता पुरवणं, कॅम्पची सामानाची यादी. थर्ड इयरवाल्यांनी त्या दिवशी कमांड द्यायचीच नाही, वही घेऊन बाजूला उभं राहायचं आणि नंतर त्या पोराला एकट्याला गाठून दोन गोष्टी सांगायच्या, चारचौघात नाही. अमेरिकेतल्या आरओटीसीत (तिथल्या कॉलेजांतल्या लष्करी अधिकारी प्रशिक्षणात) तिसऱ्या वर्षाचे कॅडेट कमांड करतात आणि चौथ्या वर्षाचे आखणी आणि मूल्यमापन बघतात, आपल्याकडे तीनच वर्षं म्हणून एक पायरी खाली घ्यायचं, बस. हे सुरू करायच्या आधी उस्तादांशी (बटालियनकडून येणाऱ्या लष्करी प्रशिक्षकांशी) बसून बोला मात्र. त्यांना पटलं नाही तर पुढच्या परेडला सगळं जुन्यासारखं होतं, आणि पटलं तरी त्यांची पोस्टिंग होते, मग नव्या उस्तादांना पहिल्यापासून सांगा.

पोरं विचारतात याचा एसएसबीला (सैन्यात अधिकारी निवडायच्या मुलाखतीला) काय उपयोग. सांगा त्यांना, जीटीओच्या (गटाच्या चाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) मैदानावर प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कला, म्हणजे सगळ्या गटाने मिळून अडथळे पार करायच्या चाचणीला, कुणाला लीडर नेमलेलं नसतं, खांद्यावरची पट्टी बघून कुणी ऐकत नाही. कमांड टास्कला तेवढं कमांडर करतात. आयुष्यभर पट्टीच्या जोरावर बोललेला एसयूओ तिथे एकतर गप्प होतो नाहीतर आरडाओरडा करतो. पण म्हणून पंधरा ओएलक्यूंचा (एसएसबीत बघतात त्या अधिकाऱ्याच्या गुणांचा) तक्ता करून टिकमार्क करत बसू नका, एनसीसीचा कोचिंग क्लास होतो. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

आता खरं दुखणं. २०२१ मध्ये यूजीसीने एनसीसी जनरल इलेक्टिव्ह (पदवीचा ऐच्छिक विषय) म्हणून घ्या असं विद्यापीठांना सुचवलं, सहा सेमिस्टरचे मिळून २४ क्रेडिट. मी उत्साहात फिरत्या कमांडचे आणि वहीतल्या नोंदींचे मार्क इंटर्नलला जोडले, बटालियनची मंजुरी, प्राचार्यांची सही, सगळं झालं. आणि मग फाईल एका कार्यालयात गेली, नाव घेत नाही. तिथलं म्हणणं, कॅडेटने कॅडेटला दिलेला शेरा म्हणजे मूल्यमापन नाही, लेखी पेपर दाखवा. लेखी पेपर दाखवला तर म्हणे प्रॅक्टिकलचा पुरावा कुठाय. फोटो नेले तर साहेब मीटिंगला. शेवटी 'होऊन जाईल सर, पोरांना फॉर्म भरू द्या' असं तोंडी सांगितलं, पोरांनी भरले, आणि निकालात सगळ्यांच्या नावापुढे अनुपस्थित! सॉफ्टवेअरमध्ये विषयाचा कोडच टाकला नव्हता. निकाल राखीव. त्यात नेमकी एनसीसी स्पेशल एंट्रीची (एनसीसीतून थेट एसएसबीला जाऊन सैन्यात अधिकारी व्हायच्या वाटेची) जाहिरात आली, तिथे सी सर्टिफिकेटला (एनसीसीच्या शेवटच्या परीक्षेला) किमान बी ग्रेड लागते आणि पदवीला ५०% मार्क, लेखी परीक्षा नसते म्हणून पोरं ह्याच वाटेवर डोळे लावून असतात. सी ची ग्रेड हातात आणि मार्कशीट नाही. एक मुलगी, माझ्या बघण्यातली सगळ्यात शांत डोक्याची सेक्शन कमांडर, तिचा चान्स तसाच गेला. त्या कार्यालयातून उत्तर काय, तर 'पुढच्या वेळी लवकर अर्ज करा'. पुढच्या वेळी तिचं वय बसायला नको का? मार्कशीट नंतर दुरुस्त होऊन आली, घेऊन काय करू.

म्हणून म्हणतो, विषयाचा कोड लेखी हातात येईपर्यंत एकाही पोराला क्रेडिटसाठी नाव नोंदवायला लावू नका. तोंडी आश्वासन धरू नका. मैदानावरचा बदल खुशाल उद्यापासून करा, त्याला कुणाच्या सहीची गरज पडत नाही, फक्त सीओंना आधी विचारून घ्या.

आणि विषय निघालाच आहे तर, पाहुण्यांच्या गाड्या लावायला आणि पुष्पगुच्छ धरून उभं राहायला मुलींना पाठवणं पहिल्या महिन्यातच बंद करा. एकदा प्राचार्यांना सवय लागली की कॅडेट म्हणजे फुकटचे स्वयंसेवक होतात, आणि मग परेडच्या दिवशी निम्मा सेक्शन गेटवर.

तुमचं विद्यापीठ कुठलं ते लिहिलं नाहीत. आमच्या इथे कोडसाठी दिलेल्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा तर मेसेज करा, पण फॉर्मची मुदत कधी संपतेय ते आधी सांगा.