इम्प्लांटभोवतीचा पू गोळ्यांनी का थांबत नाही?

प्रश्न : चार वर्षांपूर्वी खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू) बसवलं. दोन महिन्यांपासून ब्रश करताना तिथून रक्त येतं, हिरडी दाबली की पू दिसतो. दुखत मात्र नाही. पाच दिवस अँटिबायोटिक घेतल्यावर थांबलं, तीन आठवड्यांत पुन्हा सुरू झालं. इम्प्लांट काढावंच लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बहुतेकदा वाचवता येतं, पण दुखत नाही म्हणून थांबू नका. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसते लपेटलेले असतात, म्हणून सूज झपाट्याने खाली उतरते आणि हाड न दुखता झिजतं.

जंतूंचा चिकट थर इम्प्लांटच्या खरखरीत आट्यांमध्ये बसतो. गोळ्यांनी सूज उतरते, थर जागेवरच राहतो. तो डॉक्टरांनी हत्यारांनी साफ करूनच काढावा लागतो.

आधी हाड गेलंय का ते पाहायचं. डॉक्टर अगदी हलक्या हाताने, साधारण २५ ग्रॅम दाबाने, चहूबाजूंनी हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची खोली मोजतील आणि कॅप (इम्प्लांटवरचा कृत्रिम दात) बसवतानाच्या एक्स-रेशी आजचा ताडून पाहतील. हाड तेवढंच असेल तर सूज फक्त हिरडीची आहे, ती पूर्ण बरी होऊ शकते. जुना एक्स-रे नसेल तर ६ मिमी किंवा जास्त खोली, रक्त किंवा पू आणि ३ मिमी किंवा जास्त खाली गेलेलं हाड, हे तिन्ही मिळून पेरी-इम्प्लांटायटिस, म्हणजे इम्प्लांटभोवतीचं हाड झिजवणारा आजार, ठरतो.

कॅप सिमेंटने चिकटवलेली आहे की स्क्रूने, हे जरूर विचारा. हिरडीखाली राहिलेला खसखशीएवढा सिमेंटचा कण वर्षानुवर्षं पू करत राहतो आणि एक्स-रेत दरवेळी दिसतोच असं नाही. शक्य असेल तर कॅप काढूनच सफाई करावी. नेहमीच्या स्टीलच्या टोकाने टायटॅनियमवर ओरखडे पडतात, म्हणून प्लास्टिक, कार्बन फायबर किंवा टायटॅनियमची हत्यारं किंवा ग्लायसिन पावडरचा फवारा वापरतात.

६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा मोजणी. खोली ५ मिमीपर्यंत, पू नाही, रक्त फार तर एका ठिकाणी, असं असेल तर जमलं. नाहीतर हिरडी उघडून आटे साफ करावे लागतात. हाडात भिंती असलेला खड्डा असेल तर त्यात हाडाची पावडर भरता येते. शस्त्रक्रियेनंतर हिरडी थोडी खाली बसते, हे आधीच माहीत असू द्या.

कॅप हलली म्हणून घाबरू नका, बऱ्याचदा आतला स्क्रूच सैल झालेला असतो. इम्प्लांटच हलत असेल तर मात्र ते काढावंच लागतं.

घरी रोज प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचा इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत फिरवायचा बारीक ब्रश) फिरवा. मिश्री, तंबाखू, सिगारेट बंद. मधुमेह असेल तर एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. सुरुवातीला दर ३ महिन्यांनी सफाई हवी.

जाताना इम्प्लांटचं कार्ड न्या. कंपनीगणिक स्क्रूड्रायव्हर वेगळा असू शकतो, आणि तो नसला तर कॅप काढायचं काम तिथेच अडतं.