समन्वयक व्हा म्हणतायत, जमेल का? दिव्यांग हक्कांच्या कामाबद्दल तुमचे प्रश्न

खानापूर भागातल्या दिव्यांग हक्कांच्या कार्यक्रमाला गावागावातनं स्वयंसेवक समन्वयक पाहिजेत असं मागच्या वेळी लिहिलं होतं, त्यावर बेळगाव, निपाणी आणि अगदी चंदगडकडनं सुद्धा प्रश्न आलेत. सगळेच घेता येणार नाहीत, जे पुन्हा पुन्हा आलेत तेवढे घेते. नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न : मी बँकेतनं रिटायर झालोय, टिळकवाडीत राहतो. एका संस्थेनं खानापूर तालुक्यातल्या बारा गावांसाठी समन्वयक व्हा म्हणून विचारलंय. पगार नाही, पेट्रोल देणार. हिशेब, रिपोर्ट येतात, पण दिव्यांग लोकांच्यात कधी काम केलेलं नाही. मी नक्की करायचं काय?

उत्तर : काका, हिशेब आणि रिपोर्ट येतो हे चांगलंच आहे, त्याचा उपयोग पुढे होईल, पण पहिला महिना वही बॅगेतच ठेवा आणि फक्त फिरा. एकटे फिरू नका. आपल्या कर्नाटकात ग्रामपंचायतीला एक ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो, लोक त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात, आणि तालुक्याला एमआरडब्ल्यू, म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता असतो. व्हीआरडब्ल्यू स्वतः दिव्यांग असतो, मानधन थोडं असतं, पण गावातलं कुठलं घर कुठं आहे आणि कुणाचं सर्टिफिकेट कुठं अडकलंय हे त्याला पाठ असतं. त्याला बाजूला सारून नवीन समन्वयक आला की तो गप्प बसतो आणि तुमचं काम तिथंच संपतं, हे मी दोन ठिकाणी बघितलंय. त्याच्या गाडीवर मागे बसून जा, घरात गेल्यावर आधी त्याला बोलू द्या.

आता सर्व्हेबद्दल. संस्था तुम्हाला फॉर्म देईल आणि त्यात पहिलाच रकाना असेल ‘घरात कोणी दिव्यांग आहे का’. हा प्रश्न विचारलात की दहातली आठ घरं नाही म्हणणार. त्याऐवजी घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल सहा साधे प्रश्न विचारायचे, जगभर वॉशिंग्टन ग्रुपचे प्रश्न म्हणून हेच वापरतात : चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, मशीन लावूनही ऐकायला त्रास होतो का, चालायला किंवा पायऱ्या चढायला, आठवायला किंवा लक्ष द्यायला, अंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः आवरायला, आणि आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावून सांगायला किंवा दुसऱ्याचं समजून घ्यायला. उत्तरं चारच, त्रास नाही, थोडा त्रास, खूप त्रास, अजिबात जमत नाही. एकाही प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘अजिबात नाही’ आलं की त्या घरी पुन्हा जायचं.

जांबोटीच्या वरच्या अंगाला एका घरात आम्ही गेलो होतो, आजी दारातच म्हणाली आमच्यात तसलं कोण नाही. बसलो, चहा झाला, मग एकेकाचं विचारत गेलो. थोरल्या नातवाचं नाव आलं तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता सहज म्हणाली, त्याला दिवेलागणीनंतर काय दिसत नाही की वो, म्हणून संध्याकाळी जनावरं आणायला धाकट्याला पाठवतोय. पोरगा सतरा वर्षांचा, दहावीला दोनदा बसलेला, आणि घरात कुणालाच वाटलं नव्हतं की ह्याला डॉक्टरला दाखवायला पाहिजे. तेव्हा काका, पहिल्या महिन्यात एवढंच, आणि जमलं तर रोपलावणीच्या दिवसात मीटिंग ठेवू नका, त्या भागात आषाढ-श्रावणात घरात माणूस सापडत नाही आणि वाटेतले ओढे भरलेले असतात.

सर्व्हेचा कागद म्हणजे सर्टिफिकेट नव्हे हे मात्र लोकांना पहिल्याच दिवशी सांगा. सर्टिफिकेट सरकारी दवाखान्यातले डॉक्टरच देणार, ४० टक्के किंवा त्याच्या वर आलं तरच बहुतेक सवलती मिळणार. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलेलं आहे, आधीच्या १९९५ च्या कायद्यात फक्त ७ होते. थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यात जखमी झालेले, ऑटिझम, हे सगळे आता त्यात येतात आणि आपल्याकडे बऱ्याच घरांना ते माहीतच नाही.

प्रश्न : मला लहानपणी पोलिओ झाला, कॅलिपर आणि कुबडी घेऊन चालतो, निपाणीजवळ राहतो. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाला संस्थावाले मला स्टेजवर बसवतात, शाल देतात, फोटो काढतात. समन्वयकाची जागा निघाली तेव्हा मी विचारलं तर म्हणाले तुला फिरायला जमायचं नाही. खरंच जमणार नाही का?

उत्तर : जमतं, दादा. ज्यांनी तुला विचारायच्या आधीच ठरवून टाकलं त्यांचं चुकलं. दिव्यांगांच्या चळवळीत जगभर एकच वाक्य चालतं, आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही ठरवायचं नाही, आणि दिव्यांगांच्या हक्काचा कार्यक्रम चालवायला दिव्यांग माणूस चालत नाही म्हणणं मला तरी पटत नाही.

कामाच्या भाषेत सांगते. कायद्यात ‘वाजवी सोय’ म्हणून एक गोष्ट आहे, म्हणजे समोरच्यावर फार मोठा बोजा न पडता तुला काम करता यावं म्हणून जो बदल लागतो तो करायचा, आणि तो नाकारला तर कायदा त्याला भेदभाव म्हणतो. तुझ्या बाबतीत ती सोय काय? बारा गावांऐवजी रस्त्यावरची सहा गावं, साइड व्हील लावलेली स्कूटर असेल तर तिचं पेट्रोल, आणि मीटिंग पंचायतीच्या माडीवर न ठेवता खाली अंगणवाडीत. संस्थेला हे कागदावर लिहून दे. तोंडी सांगितलं की लोक होय होय म्हणतात आणि विसरतात.

आणि एक, तू गेलास की घरातला दिव्यांग माणूस स्वतः बोलतो. मी गेले की त्याची आई बोलते. बावीस वर्षं झाली मला ह्या कामात, तरी हा फरक माझ्याच्यानं भरून निघालेला नाही. म्हणून तू अर्ज करच.

प्रश्न : कन्नड वाचता येत नाही. सगळे फॉर्म, जीआर कन्नडात. अशानं आम्ही मराठी लोकांनी हे काम घ्यायचंच नाही का?

उत्तर : घ्यायचं. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे कुठल्याही गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे मराठीतला अर्ज घेणार नाही असं कुणी म्हटलं तर हे कलम शांतपणे सांगायचं. पण फाईल पुढं सरकते ती कन्नडात, हे पण खरं आहे, आणि ज्या माणसाची पेन्शन अडकलीय त्याला आपल्या भांडणात महिने घालवायला परवडत नाही. मी दोन कागद लावते. वर मराठी, ज्याचा अर्ज आहे त्याला वाचून दाखवून त्याची सही किंवा अंगठा घेतलेला, खाली तेच कन्नडात. आणि तारीख-शिक्क्याची पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

कन्नड लिहायला कॉलेजची पोरं मिळतात, व्हीआरडब्ल्यू तर लिहितोच. दोन-चार शब्द तुम्हीही शिकून घ्या, दिव्यांगाला सरकारी कन्नडात विकलचेतन म्हणतात, बोर्डवर तेच लिहिलेलं असतं. गावात कन्नड बोलणारी दिव्यांग माणसं असतीलच, ती आणि आपली गावातल्या दिव्यांगांच्या एकाच संघात बसली पाहिजेत, ह्यात मी कधीच तडजोड करत नाही.

प्रश्न : माझं माहेर चंदगड तालुक्यात, लग्न होऊन बेळगाव तालुक्यात आले. ऐकायला येत नाही, सर्टिफिकेट महाराष्ट्रातलं आहे. इथं चालत नाही म्हणतात. (हा प्रश्न बहिणीनं लिहून पाठवलाय.)

उत्तर : सर्टिफिकेट देशभर चालतं, कायद्यातच तसं लिहिलंय. पुन्हा तपासणी करून घ्या असं कुणी नुसतंच म्हणालं तर तसं कुठं लिहिलंय ते त्याला विचारा. पण पेन्शन आणि बस पास ह्या राज्याच्या गोष्टी आहेत, त्या जिथं राहता त्या राज्याच्या मिळतात, त्यामुळे आधी आधार आणि रेशन कार्डावर सासरचा पत्ता आला पाहिजे, मग यूडीआयडी कार्डावर, म्हणजे देशभर चालणाऱ्या दिव्यांग ओळखपत्रावर. सर्टिफिकेट जुनं हातानं लिहिलेलं असेल तर आधी यूडीआयडी काढून घ्या. कार्डाचा रंग पांढरा असेल तर ४० टक्क्यांच्या खाली, पिवळा ४० ते ८० च्या आत, निळा ८० आणि वर. त्यानंतर पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याच्या खालच्या महसूल ऑफिसात. दोन्ही राज्यांची पेन्शन चालू ठेवू नका, पुढे वसुली येते आणि ती फार जड जाते.

समन्वयकांना सांगते, सीमेवरच्या गावांत अशा सुना भरपूर आहेत, सर्व्हेत माहेरचं गाव हा एक रकाना वाढवा.

प्रश्न : आमच्या गावात एका घरात १९ वर्षांची मुलगी आहे, बुद्धीनं लहान आहे. घरचे तिला बाहेर काढत नाहीत, यादीत नाव घालू नका म्हणतात, धाकटीचं लग्न व्हायचंय. मी आशा कार्यकर्ती आहे. नाव घालू की नको?

उत्तर : ताई, त्यांना न विचारता घालू नका. यादी उद्या पंचायतीत टेबलावर पडते, परवा चहाच्या टपरीवर तिची चर्चा होते, आणि मग ते दार तुम्हाला कायमचं बंद. त्या घरी जायचं मात्र थांबवू नका. दुसऱ्या कामानं जा, बीपी तपासायला जा, आणि प्रत्येक वेळी मुलीशी बोला, तिच्या आईशी तिच्याबद्दल नको. तुला काय आवडतं, आज काय खाल्लंस, एवढं पुरे. तिला उत्तर द्यायला वेळ लागेल, तेवढं थांबा.

आईला हळूहळू दोन गोष्टी कळू द्या. एक, बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता ह्यांच्यासाठी १९९९ च्या कायद्यानं नॅशनल ट्रस्ट झालाय, त्याची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च. दुसरी गोष्ट बहुतेक आईबापांना माहीत नसते : मूल १८ चं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा, तिचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. आमच्यानंतर हिचं काय, हा प्रश्न त्या आईला रोज रात्री पडत असणार, तुम्ही त्यावर काहीतरी घेऊन आलात हे तिला कळलं की यादीचं ती स्वतः बोलेल. आणि घरात मारहाण किंवा बांधून ठेवणं दिसलं तर मात्र परवानगीची वाट बघायची नाही, लगेच कळवायचं.

प्रश्न : एक दाते दहा व्हीलचेअर देतो म्हणतायत. घ्यायच्या ना?

उत्तर : आधी दहा माणसं मोजा, मग खुर्च्या. बसायची रुंदी, पाय टेकायची उंची, घराचं दार, संडासचं दार, अंगणापासून रस्त्यापर्यंतची वाट, सगळं टेपनं मोजून लिहायचं. एका गावात वाटपानंतर तीन महिन्यांनी मी गेले होते, तर नवीकोरी खुर्ची सोप्यात होती आणि तिच्यावर भाताची दोन पोती. उंबरा नऊ इंच, खुर्ची बाहेरच येत नव्हती, आणि तो माणूस आधीसारखाच हातावर सरकत होता.

उताराचं गणित सोपं आहे, १ फूट उंचीला १२ फूट लांबी. सहा इंचाची एक पायरी असेल तर ६ फूट, तीन पायऱ्या असतील तर १८ फूट. पंचायतीसमोर तीन पायऱ्यांना चार फुटांचा रॅम्प बांधलेला दिसतो ना, त्याच्यावरनं खुर्ची उलटते, त्यापेक्षा पायरी बरी. दात्यांना सांगा दहाच्या जागी सात खुर्च्या द्या आणि उरलेल्या पैशात उंबरे फोडून उतार करू. मी ज्यांना ज्यांना हे समजावून सांगितलंय त्यातले बहुतेक तयार झालेत. वाटप करताना फोटो मात्र नको.

प्रश्न : ग्रामपंचायतीचा ५ टक्के फंड म्हणतात तो कुठं असतो?

उत्तर : पंचायतीनं आपल्या पैशातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी वापरायचा असतो. ग्रामसभेत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना विचारायचं, गेल्या वर्षी किती होता आणि कशावर गेला. विचारणारा समन्वयक नको, गावातला दिव्यांग माणूस पाहिजे, तुम्ही शेजारी बसा. उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, बीपीएल असेल तर तेही नाहीत, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा, मार्च आला की घाईघाईत काहीतरी खरेदी होते आणि मागितलेलं बाजूला राहतं.

प्रश्न : मी वर्षभरच देऊ शकेन, नंतर मुलाकडे पुण्याला जाणार. एवढ्यासाठी सुरू करू का?

उत्तर : करा, पण वर्ष संपल्यावर कुणाकडे देणार हे आजच ठरवा. दुसऱ्या महिन्यापासून संघाच्या मीटिंगचा रजिस्टर तुम्ही लिहायचा नाही, संघातल्याच कुणीतरी लिहायचा, चुका झाल्या तरी चालतील. सहाव्या महिन्यात तालुक्याला अर्ज घेऊन जाताना तुम्ही मागे बसा. नवव्या महिन्यात एक मीटिंग मुद्दाम चुकवा आणि काय झालं ते फोनवर विचारा. आमच्या एका गावात अशी मीटिंग चुकवली होती, तेव्हा एका आंधळ्या काकूंनी पास बुकं हातानं चाचपून, ज्याची त्याच्या हातात देऊन, सगळ्यांचा हप्ता गोळा केला होता. त्यानंतर कपाटाची किल्ली मी त्यांच्याकडेच ठेवली, अजून त्यांच्याकडेच आहे.