डेटा सेंटरच्या लिक्विड कूलिंगमध्ये नवीन आहेस ना, मग आधी हे वाच

हे बघ, कोल्ड प्लेटची (चिपवर बसणारी, आतून पाणी फिरणारी धातूची प्लेट) ब्रोशरं नंतर चाळ, आधी ॲशरे या एसी-कूलिंगवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेचे पाण्याचे क्लास समजून घे, डब्ल्यू३२ म्हणजे बिल्डिंगकडून येणारं पाणी जास्तीत जास्त ३२ अंश, डब्ल्यू४५ म्हणजे ४५, एवढं सोपंय. पण आपल्या ऐरोली-महापेला जुलैत हवा इतकी दमट असते की कूलिंग टॉवर पाणी फार थंड करूच शकत नाही, म्हणून डब्ल्यू१७ लिहून बसलास की चिलर, म्हणजे विजेवर पाणी थंड करणारं मशीन, आलाच, वीजबिल पण आलं.

दुसरं म्हणजे सर्व्हरच्या लूपमधलं पाणी. ओसीपी, म्हणजे डेटा सेंटरच्या हार्डवेअरचे खुले स्पेक काढणारा ओपन कम्प्यूट प्रोजेक्ट, त्यांच्या गाईडलाइनमध्ये पीजी२५ आहे, म्हणजे २५ टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल, त्यात जंतू वाढत नाहीत आणि गंजरोधक घातलेलं असतं. कोल्ड प्लेट तांब्याची असताना मध्येच ॲल्युमिनियमचं फिटिंग घुसवू नकोस बाबा, दोन्ही एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजतं! आमच्या एका साइटवर कुणीतरी स्वस्तात घुसवलं, काही महिन्यांत फिल्टर उघडला तर नुसता पांढरट चिखल, आणि व्हेंडर म्हणे दोष तुमच्या पाण्याचा. तेव्हापासून मी भिजणाऱ्या प्रत्येक भागाची यादी, अगदी ओ-रिंगच्या रबरासकट, लेखी मागतो.

पाइप पटकन जोडायच्या-काढायच्या कपलिंगला यूक्यूडी (युनिव्हर्सल क्विक डिस्कनेक्ट) स्पेक आहे, तरी दोन कंपन्यांचे नर-मादी जोडून, काढून, थेंब किती पडतो ते स्वतः टिश्यू धरून बघ.