आधी मिस मार्पल, मग परवीन

अगं, रहस्यकथा वाचायच्या म्हणतेस ना, मग सुरुवात अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलपासून कर. १९३० सालच्या ‘मर्डर ॲट द व्हिकरेज’मध्ये बघ, बागकाम आणि पक्षी बघायच्या निमित्ताने या आजीबाई शेजारपाजारावर कशी नजर ठेवतात! संशयित समोर आला की त्यांना गावातलंच कुणीतरी आठवतं आणि तिथून धागा सापडतो.

ही पुस्तकं कुठूनही उचल, चालतं. सुजाता मॅसींची परवीन मिस्त्री मात्र पहिल्यापासूनच वाच. १९२१ची मुंबई, वकील मुलगी. पडद्यातल्या विधवांशी पुरुषांना बोलता येत नाही, ही थेट आत जाऊन बसते. तिच्या बाई असण्यावरच सगळा तपास उभा आहे! मला ही मालिका फार जवळची.

वाचताना वहीत नावं, नाती आणि कोण कधी कुठे होतं एवढं लिही. निम्मं पुस्तक झालं की थांबून तुझा संशय कुणावर ते नोंदव, मगच पुढे जा. शेवटचं प्रकरण आधी उघडू नकोस, हात जोडते.

सांगलीत नगरवाचनालयात चौकशी कर. नाहीच मिळालं, तर घरी ये, माझ्याकडचं ने.